पीएसक्यूएलच्या आत बसून एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल कसे बघायचे? क्रॉनचा आकडा आणि माझा आकडा जुळेना

मोंढेकर (लातूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण डोकं खाऊ लागलाय.

इथल्या मोंढ्यात एका आडतीचं आवक आणि पट्टीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस १४, उबुंटूवर, क्लाउडातला भाड्याचा सर्व्हर. काट्यावर गाडी लागली की वजनाची नोंद पडते. रोज सकाळी सातला (सर्व्हरच्या घड्याळात दीड) क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम) एक शेल स्क्रिप्ट चालते आणि आदल्या दिवसाची जिनसवार आवक मालकांच्या मेलवर जाते.

सोयाबीनची आवक वाढल्यापासून मेलमधला आकडा आणि मी स्वतः पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचा कमांडवाला क्लायंट) तीच क्वेरी चालवली की येणारा आकडा यांत फरक पडायलाय. क्वेरी तीच, युजर तोच, डेटाबेस तोच. गंमत म्हणजे महिन्याची बेरीज बरोबर जुळते, रोजची जुळत नाही. तूर-हरभऱ्याच्या वेळी असा फरक कधी डोळ्यावर आला नव्हता. मुनीमजी वहीशी ताळा करतात आणि वही माझ्या बाजूनं आहे, मेलच्या नाही.

माझ्या आधी जे काम बघायचे त्यांनी बॅशआरसी फाइलमध्ये (बॅश शेल उघडताना वाचतो ती) बरेच एक्सपोर्ट, म्हणजे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, टाकून ठेवलेत. संशय त्यांच्यावर आहे. पण बाहेर शेलमध्ये एन्व्ह (ते सगळे छापणारी कमांड) मारून बघितलं तर ते शेलचं झालं. पीएसक्यूएलला नेमकं काय दिसतंय ते पीएसक्यूएलच्या आतूनच बघता येतं का?

---

बालाघाट (बीड)

येतं की. प्रॉम्प्टवर:

\! एन्व्ह

एकच बघायचं असलं तर:

\! इको $पीजीहोस्ट

उद्गारचिन्हापुढचं सगळं शेलकडं जातं. (मोबाइलवरून देवनागरीत टाकायलोय, तुम्ही टंकताना इंग्रजी अक्षरं घ्या. व्हेरिएबलची नावं सगळी मोठ्या लिपीत.)

---

हळदवाला (वसमत)

विंडोजवाल्यांसाठी जोड देतो. तिथं एन्व्ह नसतं, \! सेट लिहायचं. एकच बघायचं असेल तर \! इको %पीजीहोस्ट% असं टक्क्यांच्या मधे. आमच्या हळदीच्या गोदामात पीएसक्यूएल विंडोजवरच चालतं आणि मराठी नावं चौकोन-चौकोन दिसायची, तेव्हा \! सीएचसीपी ६५००१ नं दिसायला लागली. सोबत \एन्कोडिंग पण बघून घ्यावं लागतं.

---

मोंढेकर

बालाघाट भाऊ, चाललं. पूर्ण आउटपुट टाकू का इथं?

---

नियामक

नको. आख्खा एन्व्ह कुणीही इथे चिकटवू नये. त्यात पीजीपासवर्ड असू शकतो, क्लाउडच्या किल्ल्या असू शकतात. गाळून टाका: \! एन्व्ह | ग्रेप पीजी. आणि त्यातली पासवर्डची ओळ खोडूनच.

---

नाथसागर (पैठण)

मोंढेकर, तू विचारलंस त्याचं उत्तर बालाघाटनी दिलंय, ते बरोबरच आहे. पण तुझा गुंता त्यानं सुटेलच असं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पीएसक्यूएलमध्ये बसल्यावर ‘व्हेरिएबल’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात.

पहिली, पीएसक्यूएल या प्रोग्रॅमचं स्वतःचं एन्व्हायरन्मेंट. तू ज्या शेलमधून तो सुरू केलास तिथून सुरुवातीला मिळालेली प्रत. \! एन्व्ह लिहिलं की पीएसक्यूएल एक लेकरू-शेल काढतो, त्याला ही प्रत देतो, आणि ते लेकरू छापून मरून जातं. म्हणून बघायला \! चांगलं, बदलायला बिनकामाचं. \! एक्सपोर्ट पीजीटीझेड=अमुक (पीजीटीझेड म्हणजे टाइमझोनचा व्हेरिएबल) लिहिलंस तर काहीच होणार नाही. लेकराच्या खिशात टाकलेले पैसे बापाच्या खिशात येत नाहीत. बदलायचं तर \सेटएन्व्ह आहे, ९.२ पासून. नाव आणि किंमत द्यायची. नुसतं नाव दिलं तर तो व्हेरिएबल काढून टाकला जातो.

दुसरी, पीएसक्यूएलचे स्वतःचे व्हेरिएबल. नुसतं \सेट मारलं की जी यादी येते ती. त्यात डीबीनेम, होस्ट, पोर्ट, युजर दिसतात आणि माणसाला वाटतं हेच एन्व्हायरन्मेंट. नाही. हे जोडणी झाल्यावर पीएसक्यूएलनं भरलेले असतात. पीजीहोस्ट मुळीच दिलेला नसला तरी इथला होस्ट भरलेला असू शकतो.

तिसरी, सर्व्हरवरच्या सेशनची सेटिंग्ज. शो टाइमझोन, शो सर्च_पाथ वगैरे. ही तुझ्या मशीनवर नसतातच, पलीकडे सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये असतात.

चौथी, सर्व्हरच्या प्रोसेसचं एन्व्हायरन्मेंट. ते \! नं कधीच दिसत नाही, कारण \! कायम क्लायंटच्या बाजूला चालतं. ते बघायचंच असेल तर एक तात्पुरतं टेबल करून त्यात कॉपी … फ्रॉम प्रोग्रॅम 'एन्व्ह' करावं लागतं. त्याला सुपरयुजर लागतो, किंवा ११ पासून पीजी_एक्झिक्यूट_सर्व्हर_प्रोग्रॅम हा रोल. उलटा तिरका दांडा लावून \कॉपी केलंस तर तेच काम पुन्हा क्लायंटवर होतं. दिसायला एका अक्षराचा फरक.

तुझ्या बाबतीत पहिलीतून तिसरीत काहीतरी झिरपतंय असं मला वाटतं. काही एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल असे आहेत की जोडणी होतानाच ते सर्व्हरला कळवले जातात आणि सेशनची सेटिंग बनतात: पीजीटीझेड, पीजीडेटस्टाइल, पीजीक्लायंटएन्कोडिंग, पीजीऑप्शन्स. आणि पहिल्याच पोस्टमध्ये तू कंसात लिहिलंयस, ‘सर्व्हरच्या घड्याळात दीड’. तिथं अर्धं उत्तर आहे.

हे चालव, आणि टाइमझोन शब्दातले टी आणि झेड मोठे लिही, नाहीतर ओळच येणार नाही:

सिलेक्ट नेम, सेटिंग, सोर्स फ्रॉम पीजी_सेटिंग्ज व्हेअर नेम = 'टाइमझोन';

हाताने एकदा, आणि क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ घालून एकदा.

---

परसावत (परभणी)

ताई, चारही भाग नीट सुटे केलेत. एक विचारू का? नुसतं \! मारलं, पुढं काहीच लिहिलं नाही, तर पूर्ण शेल उघडतो. त्यात जाऊन एन्व्ह मारलं तर? मी कायम तसंच करायलोय.

---

नाथसागर

तिथंच गोम आहे. \! एन्व्ह लिहिलंस तर साधा एसएच चालतो, तो बॅशआरसी वाचत नाही, त्यामुळे पीएसक्यूएलला जे आहे तेच छापतो. नुसतं \! मारलंस तर शेल या व्हेरिएबलमध्ये जो शेल असेल तो इंटरॅक्टिव्ह उघडतो. बॅश असेल तर तो आत शिरताना बॅशआरसी पुन्हा वाचतो. म्हणजे पीएसक्यूएलकडे नसलेला व्हेरिएबलही तिथं दिसू शकतो. पीएसक्यूएल आधी सुरू केला, मग दुसऱ्या खिडकीत बॅशआरसी बदलली, की हे हमखास होतं. तू शेलचं बघतोस आणि समजतोस पीएसक्यूएलचं. मोंढेकरला पहिल्यांदा ज्याची भीती वाटली होती तेच.

त्याच कारणानं \! मध्ये तुझे एलियास (कमांडची टोपणनावं) चालत नाहीत. उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश नावाचा शेल, बॅश नव्हे.

---

परसावत

म्हणून माझं एलएल चालत नव्हतं होय! कामून चालत नाही म्हणून पीएसक्यूएलला शिव्या घालत होतो.

---

निवृत्त_ओरॅकल (छत्रपती संभाजीनगर)

आमच्या काळात हा प्रश्न रोजचा होता. एसक्यूएल प्लसमध्ये होस्ट इको $ओरॅकल_एसआयडी लिहायचं. युनिक्सवर होस्ट ऐवजी नुसतं उद्गारचिन्ह चालतं, विंडोजवर डॉलरचं चिन्ह. तिथंही तोच घोळ: डिफाइन मारलं की एसक्यूएल प्लसचे स्वतःचे व्हेरिएबल दिसतात, ऑपरेटिंग सिस्टिमचे नव्हे.

पण ओरॅकलमध्ये नुसता एसआयडी (डेटाबेस इन्स्टन्सचं नाव) बघून थांबू नये. टू_टास्क नावाचा एक व्हेरिएबल आहे. तो सेट असला की युजर-पासवर्ड देऊन जोडणी केली तरी ती त्या नावाच्या दुसऱ्या डेटाबेसला जाते. एसआयडी छापून बघणाऱ्याला वाटतं आपण टेस्टवर आहोत. विंडोजवर त्याचं नाव लोकल. म्हणून मी नव्या मुलांना सांगायचो, आपण कुठं बसलोय ते डेटाबेसलाच विचारा: सिस_कॉन्टेक्स्ट मधून यूजरएन्व्ह आणि इन्स्टन्स_नेम. एन्व्हायरन्मेंट म्हणजे आपण काय मागितलं, डेटाबेस सांगतो आपल्याला काय मिळालं.

---

नाथसागर

काका, शेवटचं वाक्य अगदी नेमकं. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी \कॉनइन्फो.

---

गोदाकाठ (नांदेड)

विद्यार्थी आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मायएसक्यूएलमध्ये पण \! एन्व्ह चालतं का? मी शो व्हेरिएबल्स मारलं तर शेकडो ओळी आल्या, त्यात पाथ पण नाही आणि होम पण नाही.

---

बालाघाट

चालतं. \! एन्व्ह किंवा सिस्टिम एन्व्ह. विंडोजवर ८.०.१९ पासून. शो व्हेरिएबल्स म्हणजे ताईंच्या हिशोबात तिसरा प्रकार, सर्व्हरची सेटिंग्ज. तिथं तुमचं होम कसं सापडेल?

आपण कुठं जोडलोय ते \एस नं दिसतं. आणि मायएसक्यूएल_पीएस१ नावाच्या व्हेरिएबलनं प्रॉम्प्ट बदलता येतो. त्यात होस्टचं नाव टाकून ठेवा, टेस्ट समजून खऱ्या डेटाबेसवर डिलीट मारायची वेळ येत नाही.

---

हळदवाला

गोळा करायलाच बसलोय तर: एसक्यूलाइटमध्ये .शेल एन्व्ह. मोंगोच्या नव्या शेलमध्ये प्रोसेस.एन्व्ह, कारण तो नोडवर उभा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएलसीएमडीमध्ये दोन उद्गारचिन्हं. तिथं एक सोय बरी आहे: $(पाथ) असं क्वेरीत लिहिलं की एन्व्हायरन्मेंटमधली किंमत थेट येते.

---

मोंढेकर

ताई, निकाल आला.

हाताने: एशिया/कोलकाता, सोर्स क्लायंट.
क्रॉनमधून: ईटीसी/यूटीसी, सोर्स कॉन्फिगरेशन फाइल.

आणि \! एन्व्ह | ग्रेप पीजी हाताने मारलं तर पीजीटीझेड आहे. बॅशआरसीत जुन्यांनी टाकलेलाच. क्रॉनमध्ये तीच ओळ पीएसक्यूएल -सी मधून चालवली तर पीजीनं सुरू होणारं काहीच नाही.

---

नाथसागर

सापडलं मग. सोर्स हा रकाना लोक बघतच नाहीत, आणि सगळी मेख त्यात असते. क्लायंट म्हणजे जोडणी होताना तुझ्या बाजूनं आलं. कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे कुणीच काही सांगितलं नाही म्हणून सर्व्हरनं आपल्या फाइलमधलं घेतलं. डेटाबेस किंवा युजर दिसलं तर कुणीतरी अल्टर करून ठेवलंय. सेशन दिसलं तर जोडणीनंतर सेट मारलंय, बरेचदा पीएसक्यूएलआरसी फाइलमधून (पीएसक्यूएल सुरू होताना वाचतो ती). ती फाइल टाळून बघायची तर पीएसक्यूएल -एक्स.

आता तुझे आकडे. क्वेरीत नोंदीची वेळ डेटमध्ये बदलून कालच्या तारखेशी जुळवत असशील. वेळ टाइमझोनसह साठवलेली असेल तर ‘तारीख’ सेशनच्या टाइमझोनवर ठरते. रात्री दोनला काट्यावर आलेली गाडी यूटीसीत (भारताच्या साडेपाच तास मागं) आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठची. म्हणजे क्रॉनचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे साडेपाचला संपतो. मध्यरात्र ते साडेपाच या वेळेतल्या सगळ्या गाड्या एक दिवस मागं जातात. महिन्याची बेरीज जुळते, कारण गाड्या हरवत नाहीत, फक्त सरकतात.

---

मोंढेकर

माय! म्हणून सोयाबीनलाच. हंगामात गाड्या रात्रभर लागतात, सकाळी सौद्याच्या आधी काटा व्हावा म्हणून. तुरीच्या वेळी आमच्याकडे पहाटेच्या आधी गाडी क्वचितच. त्यामुळं फरक होता तरी कुणाला जाणवला नसणार.

पण आमच्या वेब अ‍ॅपमध्ये तारखा बरोबर दिसतात, त्याला तर बॅशआरसी नाही. ते कसं?

---

बालाघाट

जावामध्ये आहे का?

---

मोंढेकर

हाव.

---

बालाघाट

मग जेडीबीसी ड्रायव्हर, जावाला डेटाबेसशी जोडणारा. तो जोडताना जावाच्या मशीनचा टाइमझोन स्वतःहून सर्व्हरला सांगतो. जावा सुरू करताना कुणीतरी कोलकाता दिलेला असणार. म्हणजे एकाच डेटाबेसला तीन जण तीन वाटांनी वेळ विचारायलेत, आणि त्यांतल्या दोघांचा टाइमझोन योगायोगानं सारखा आहे.

---

परसावत

क्रॉनमध्ये पीजीटीझेड कामून नाही गेला? युजर तर तोच आहे ना.

---

बालाघाट

क्रॉन लॉगिन करत नाही, बॅशआरसी वाचत नाही. होम, लॉगनेम, शेल आणि तुटपुंजा पाथ, एवढ्यावर भागवतो. हाताने चालतं, क्रॉनमध्ये चालत नाही, ही तक्रार नव्वद टक्के याच घरातली. स्क्रिप्टमध्ये सोर्स बॅशआरसी लिहून पण उपयोग नाही, उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत वरच अट आहे: इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत फिर. खाली टाकलेले एक्सपोर्ट वाचलेच जात नाहीत.

क्रॉनटॅबमध्ये वर नाव=किंमत अशी ओळ लिहिता येते. फक्त तिथं डॉलर लावून दुसरा व्हेरिएबल उलगडत नाही, जसं लिहिलं तसं जातं. आणि क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, हे पण ध्यानात ठेवा. फाइलच्या नावात तारीख घालताना सगळे इथंच आपटतात.

सुडोचं (दुसऱ्या युजरच्या नावानं कमांड चालवणारा) पण असंच. सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल केलं की सुडो बहुतेक एन्व्हायरन्मेंट झाडून टाकतो. आत जाऊन \! एन्व्ह मारा, पीजीवाले गायब आणि सुडो_युजर, सुडो_कमांड हे नवे पाहुणे दिसतील.

---

मोंढेकर

म्हणजे क्रॉनटॅबमध्ये पीजीटीझेड=एशिया/कोलकाता टाकलं की मिटलं?

---

नाथसागर

मिटेल, पण मला ते पटत नाही. उद्या सर्व्हर बदलला, क्रॉनटॅब नव्यानं लिहिला, की पुन्हा तेच. ज्या आकड्यावर शेतकऱ्याची पट्टी आणि हमाली-तोलाईचा हिशोब चालतो, तो आकडा कुणाच्या शेलवर अवलंबून ठेवू नये. डेटाबेसवरच ठरव:

अल्टर डेटाबेस आवक सेट टाइमझोन टू 'एशिया/कोलकाता';

पुढच्या जोडणीपासून लागू होतं, सोर्समध्ये डेटाबेस दिसेल.

---

बालाघाट

ताई, इथं थोडा वाद घालतो. डेटाबेसवर ठरवलं तरी क्लायंटकडून आलेलं त्याच्यावर बसतं. कुणाच्या शेलमध्ये पीजीटीझेड यूटीसी असला, किंवा जावा यूटीसीत सुरू झाला, की डेटाबेसचं सेटिंग बाजूला. म्हणजे अवलंबून राहणं कमी झालं, गेलं नाही. रिपोर्टच्या क्वेरीतच लिहा: नोंद_वेळ अ‍ॅट टाइम झोन 'एशिया/कोलकाता', आणि मग त्याची डेट. मोंढ्याचा दिवस म्हणजे भारतातला दिवस, हा धंद्याचा नियम आहे. तो क्वेरीत दिसलाच पाहिजे. सेटिंगमध्ये लपवला तर दोन वर्षांनी येणाऱ्याला कळणार कसं?

---

नाथसागर

रिपोर्टपुरतं मान्य. आणि तुझ्या बाजूनं आणखी एक मुद्दा मीच देते: टाइमझोनसह वेळेला सरळ डेट केलं तर त्यावर इंडेक्स बसत नाही, पोस्टग्रेस नाकारतो, कारण उत्तर सेशनप्रमाणे बदलतं. अ‍ॅट टाइम झोनमध्ये नाव पक्कं लिहिलं की उत्तर बदलत नाही, मग त्या एक्स्प्रेशनवर इंडेक्स होतो. हंगामात टेबल फुगलं की उपयोगी पडेल.

पण क्वेरीच्या दुसऱ्या टोकाला करंट_डेट आहे, ती पण सेशनवरच चालते. सकाळी सातला यूटीसीतही तीच तारीख असते म्हणून आज झाकलं गेलंय. कुणी क्रॉन पहाटे चारला नेला तर कालचा दिवस म्हणून परवाचा येईल. तिथंही नाऊ() अ‍ॅट टाइम झोन लिही. आणि डेटाबेसचं सेटिंग तरीही लाव. जो माणूस रिकाम्या शेलमधून आत येऊन घाईत एखादी वेळ बघतो, त्याला निदान भारतातली वेळ दिसू दे.

---

निवृत्त_ओरॅकल

दोन्ही करा. भांडू नका.

---

गोदाकाठ

मला एक शिकायचंय. एन्व्हायरन्मेंटमधली किंमत क्वेरीत वापरायची असली तर? म्हणजे नुसती बघायची नाही. समजा तालुक्याचं नाव बाहेरून द्यायचं.

---

नाथसागर

पीएसक्यूएल १५ किंवा पुढचा असेल तर \गेटएन्व्ह. आधी पीएसक्यूएलच्या व्हेरिएबलचं नाव, मग एन्व्हायरन्मेंटचं:

\गेटएन्व्ह तालुका तालुका_नाव
\इको :तालुका

एन्व्हायरन्मेंटमध्ये तो नसेल तर पीएसक्यूएलचा व्हेरिएबल जसा होता तसाच राहतो, रिकामा होत नाही. जुनी किंमत उरलेली असली तर ती तशीच वापरली जाईल, एवढं ध्यानात ठेव. मोंढेकरकडे १४ आहे, तिथं उलट्या अवतरणचिन्हांचा जुना मार्ग:

\सेट तालुका `इको "$तालुका_नाव"`

उलट्या अवतरणांतलं शेलमध्ये चालतं आणि जे छापलं जातं ते व्हेरिएबलमध्ये येतं. इथं क्लायंटची आवृत्ती महत्त्वाची, सर्व्हरची नाही. १५ चा पीएसक्यूएल १४ च्या सर्व्हरला जोडला तरी \गेटएन्व्ह चालतो. १६ मध्ये शेल_एरर आणि शेल_एक्झिट_कोड पण आले, म्हणजे शेलची कमांड फसली तर स्क्रिप्टला कळतं.

क्वेरीत वापरताना :'तालुका' असं अवतरणासह लिहायचं. पीएसक्यूएल स्वतः नीट अवतरणं लावतो. नुसतं :तालुका लिहिलंस तर जे आत असेल ते जसंच्या तसं क्वेरीत घुसतं, आणि बाहेरून आलेल्या मजकुरावर एवढा विश्वास ठेवू नये. टेबलाचं किंवा रकान्याचं नाव असेल तर दुहेरी अवतरण.

---

गोदाकाठ

धन्यवाद ताई. कॉलेजात डॉकरमध्ये शिकवतात. डॉकर एक्झेक करून आत पीएसक्यूएल उघडलं आणि \! एन्व्ह मारलं तर पोस्टग्रेस_पासवर्ड उघडा दिसला. हे असंच असतं का?

---

बालाघाट

असंच असतं. डॉकर एक्झेकला कंटेनरचंच एन्व्हायरन्मेंट मिळतं, पीजीडेटा पण तिथंच दिसेल. पण तो पासवर्ड आजचा असेलच असं नाही. अधिकृत इमेज तो फक्त पहिल्यांदा, डेटाची डिरेक्टरी रिकामी असताना वापरते. नंतर अल्टर युजरनं बदलला किंवा कंपोज फाइलमध्ये नवा लिहिला, तरी दोन्हीकडचे मेळ खात नाहीत. एन्व्हायरन्मेंट एक सांगतं आणि डेटाबेस दुसरंच मानतो. ‘फाइलमध्ये बदलला तरी लॉगिन होईना’ हे इथूनच येतं.

---

हळदवाला

पासवर्डचा विषय निघालाच तर, मी पीजीपासवर्डच वापरतो. आमच्या गोदामातल्या मशीनवर मी एकटाच असतो. काय बिघडतं?

---

निवृत्त_ओरॅकल

एकटे असता तोपर्यंत काही बिघडत नाही. पोस्टग्रेसचं मॅन्युअल मात्र नको म्हणतं, कारण काही सिस्टिमवर दुसऱ्याच्या प्रोसेसचं एन्व्हायरन्मेंट पीएस कमांडमधून कुणालाही दिसतं. लिनक्सवर ते त्या युजरला आणि रूटला. त्याहून रोजची गोष्ट म्हणजे ते एन्व्हायरन्मेंट लेकरांना वाटलं जातं. पीएसक्यूएलमधून तुम्ही जी जी कमांड \! नं चालवाल, तिला तुमचा पासवर्ड मिळालेला असतो. मायएसक्यूएलनं आपला मायएसक्यूएल_पीडब्ल्यूडी ८.० मध्ये मोडीतच काढायला घेतला.

पीजीपास फाइल करा. होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड, मधे विसर्गासारखे दोन ठिपके. लिनक्सवर तिची परवानगी ०६०० ठेवा. त्याहून मोकळी असली तर ती वाचलीच जात नाही, नुसता इशारा येतो. विंडोजवर अ‍ॅपडेटाखाली पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरात पीजीपास.कॉन्फ, तिथं परवानगी तपासत नाहीत. क्रॉनमधूनही चालते, होम बरोबर असला म्हणजे झालं.

---

परसावत

एक कुतूहल. आधीच चालू असलेल्या पीएसक्यूएलचं एन्व्हायरन्मेंट बाहेरून बघता येतं ना, प्रॉक फोल्डरातल्या एन्व्हायरॉन फाइलमधून? मग आतूनच बघायची काय गरज?

---

नाथसागर

ती फाइल सुरुवातीला मिळालेलं दाखवते. नंतर \सेटएन्व्हनं केलेला बदल तिथं दिसत नाही. आतून \! नं दिसतो. आणि बदल दिसला म्हणजे लागू झाला असंही नाही: चालू जोडणीत पीजीटीझेड बदललास तर \! एन्व्ह नवा दाखवेल आणि शो टाइमझोन जुनाच. तो जोडताना एकदाच पाठवला जातो. चालू सेशनसाठी साधं सेट टाइमझोन.

पेजर, एडिटर यांचं मात्र वेगळं. ते पीएसक्यूएल लागेल तेव्हा बघतो, त्यामुळे \सेटएन्व्ह पेजर केल्यावर पुढच्या क्वेरीलाच फरक दिसतो.

---

मोंढेकर

केलं. क्वेरीत दोन्ही टोकांना अ‍ॅट टाइम झोन, डेटाबेसवर अल्टर. क्रॉनटॅबला हात लावला नाही. आजच्या मेलचा आकडा मुनीमजींच्या वहीशी क्विंटलला क्विंटल जुळला. मेलच्या तळाशी टाइमझोन आणि सोर्स पण छापून ठेवलाय. मालकांनी विचारलं हे काय, म्हटलं असू द्या.

जाता जाता: पहिल्यांदा मी कोलकाता ऐवजी आयएसटी लिहून बघितलं होतं, तर गाड्या पुढं सरकायच्या ऐवजी भलतीकडंच गेल्या. ते का?

---

बालाघाट

पोस्टग्रेसच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्रायल, यूटीसीच्या दोन तास पुढं. टाइमझोन_अ‍ॅब्रिव्हिएशन्स हे सेटिंग इंडिया केलं की आपला साडेपाच होतो. पण ते बदलत बसू नका, पूर्ण नावच लिहा.

---

परसावत

तुझी सोयाबीन जेरुसलेमच्या काट्यावर लागायली होती की रे.